दगड कोणाचा, नावे कोणाची?

(परभणी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

'श्रम आणि स्मारके' हा विषय संयोजकांनी माझ्यापुढे ठेवला, तेव्हा तो इतिहासाच्या एखाद्या प्राध्यापकाला द्यावा, असे मी त्यांना सुचविले होते. माझे सारे आयुष्य अर्थशास्त्र शिकविण्यात गेले. परंतु विचार करता करता असे वाटू लागले की, जी वस्तू खाता येत नाही, अंगावर घालता येत नाही, जिच्यात राहता येत नाही आणि जी बाजारात नेऊन विकताही येत नाही, अशी वस्तू घडविण्यासाठी आणि पुढे समुद्र ओलांडून ती परक्या देशात उभी करण्यासाठी समाज आपल्या श्रमाचा एवढा मोठा हिस्सा का खर्च करतो, हा प्रश्न अर्थशास्त्राचाच आहे. म्हणून मी आज पाषाणस्तंभांविषयी बोलणार आहे. सुरुवात रोमपासून करतो, मध्ये भीमा कोरेगावला थोडा अधिक वेळ थांबतो आणि शेवटी परभणीला येतो. वाट लांबची आहे; पण अभ्यासवर्गात घाई कशाला?

रोम शहरात आज तेरा प्राचीन सूच्याकृती स्तंभ उभे आहेत. त्यांतील आठ इजिप्तच्या फेरो राजांच्या काळात घडविलेले आहेत. उरलेले पाच रोमन काळातले, म्हणजे मूळ मालाची नक्कल. इतके प्राचीन स्तंभ एका ठिकाणी असलेले दुसरे शहर जगात नाही, खुद्द इजिप्तमध्येही नाही. हे स्तंभ एकसंध दगडाचे असतात. चार बाजू, वर निमुळते होत जाणारे अंग आणि टोकाला छोटासा पिरॅमिड. इजिप्तच्या पुरोहितांच्या लेखी तो सूर्याचा किरण होता. ग्रीकांनी त्याला जे नाव दिले, त्याचा अर्थ मांस भाजावयाची लहान सळई. परक्याच्या देवाकडे पाहण्याची ही दृष्टी सर्व देशांत सारखीच दिसते.

दगड येई तो अस्वानच्या खाणीतून. लाल ग्रॅनाइट. तांब्याची छिन्नी त्याच्यावर चालत नाही, म्हणून त्याहून कठीण दगडाचे गोळे दोन्ही हातांनी आपटून आपटून तो कोरला जाई. अस्वानला एक अर्धवट सोडलेला स्तंभ अजून खाणीतच आडवा पडला आहे. लांबी सुमारे ४२ मीटर, वजन हजार टनांहून अधिक भरले असते. काम बरेच पुढे गेल्यावर त्याला तडा गेला आणि तो तसाच टाकून दिला. त्याच्या भोवतीच्या चरांत एकेका मजुराने किती जागा ठोकून काढली, याच्या खुणा आजही दिसतात. राणी हातशेप्सुतने कर्नाकच्या देवळात स्तंभ उभारले. खाणीतले काम सात महिन्यांत पुरे झाले, असे तिने अभिमानाने कोरून ठेवले आहे. सात महिने कोणाचे, हे मात्र कोरलेले नाही. चौथ्या रामसेसने वादी हम्मामातच्या खाणीकडे दगडासाठी मोठी मोहीम धाडली. तिच्या शिलालेखात आठ हजारांवर माणसांची मोजदाद आहे. अधिकारी किती, कारकून किती, सैनिक किती, सगळे तपशीलवार. शेवटी एक नोंद येते : मेलेले ९००. त्यांना बेरजेतून वगळलेले आहे. जमाखर्च लिहिण्याची ही पद्धत मला, अर्थशास्त्राचा माणूस म्हणून, फारच ओळखीची वाटली.

नाईल नदीच्या पुराने पिकणारे धान्य शेतकऱ्याच्या पोटापुरते ठेवून बाकीचे राजाच्या आणि देवळाच्या कोठारात जमा होई. हे झाले वरकड धान्य. या धान्यावर पोसलेले श्रम म्हणजे वरकड श्रम, आणि स्तंभ म्हणजे ते श्रम गोठवून आकाशाकडे उभे केलेले. केन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९३६ सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात इजिप्तच्या पिरॅमिडांचा उल्लेख केला आहे. अनुत्पादक बांधकामातूनही रोजगार मिळतो, असा त्याचा थोडा मिस्कील, थोडा गंभीर मुद्दा होता. मुद्दा खोटा नाही. पण केन्सच्या डोळ्यांपुढे मजुरी घेऊन बाजारात जाणारा स्वतंत्र कामगार होता. फेरोच्या मजुराला मिळे ती भाकरी आणि जवाची दारू. आणि तो आला असे तो बहुधा वेठीने. वेठ म्हणजे काय, हे निजामी राजवटीत राहिलेल्या आपल्या जिल्ह्यातील जुन्या माणसांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ज्या थीब्ज परिसरातून रोमचा सर्वांत मोठा स्तंभ गेला आणि पॅरिसचाही गेला, त्याच परिसरात राजांची थडगी कोरणाऱ्या कारागिरांची एक वस्ती होती. तिला आज देर अल्-मदिना म्हणतात. तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या एकोणतिसाव्या वर्षी, म्हणजे इसवी सनापूर्वी बाराव्या शतकात, या कारागिरांचा धान्याचा हप्ता थकला. ते हत्यारे खाली ठेवून वस्तीबाहेर पडले आणि राजांच्या देवळांपाशी जाऊन बसले. जगाच्या इतिहासात लेखी नोंद असलेला हा पहिला संप. ज्या पपायरसवर ही नोंद आहे, तो आज इटलीतील तुरिन शहराच्या संग्रहालयात आहे. आणखी एक वस्तू लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात आहे : चुनखडीच्या दगडाची एक खपली. तिच्यावर याच वस्तीतील सुमारे चाळीस कारागिरांची नावे आणि त्यांच्या गैरहजेरीची कारणे लिहिलेली आहेत. कोणी आजारी, कोणाला विंचू चावलेला, कोणी घरी दारू गाळीत बसलेला. सव्वातीन हजार वर्षांपूर्वीचे मस्टर! स्तंभांवर राजाखेरीज कोणाचे नाव नाही. माणसांची नावे राहिली ती या मस्टरवर. हे मस्टर लक्षात ठेवा, त्याच्याकडे आपल्याला परत यावयाचे आहे.

आता स्तंभ हलतात कसे ते पाहू. इजिप्त जिंकल्यावर ऑगस्टस सम्राटाने इसवी सनापूर्वी १० साली दोन स्तंभ रोमला आणले. इजिप्त रोमन जनतेच्या सत्तेखाली आला आणि ही सूर्याला भेट, अशा अर्थाचा लेख त्याने त्यांच्या चौथऱ्यावर कोरविला. त्याच वेळी इजिप्तचे धान्यही रोमकडे वाहू लागले होते आणि रोमची शहरी गर्दी त्या धान्यावर जगत होती. म्हणजे वरकड धान्य आणि वरकड श्रमाचे स्मारक, दोन्हींची दिशा एकच. कॅलिगुलाने जो स्तंभ आणविला, त्याच्यासाठी खास जहाज बांधले गेले आणि समतोल राहावा म्हणून त्या जहाजात प्रचंड प्रमाणावर मसूर भरला होता, असे प्लिनी हा रोमन लेखक सांगतो. साम्राज्यशाहीची व्याख्या विचारणाऱ्या विद्यार्थ्याला मी हे जहाज दाखवीन : वर देवाचा दगड, खाली शेतकऱ्याची डाळ.

तोच स्तंभ १५८६ साली पोप पाचवा सिक्स्टस याने सेंट पीटरच्या चर्चसमोर हलविला. त्याचे वजन तीनशे टनांहून जास्त आहे. डोमेनिको फोंताना नावाच्या स्थापत्यकाराने सुमारे ९०० माणसे, शंभरावर घोडे आणि चाळीसहून अधिक रहाट लावून हे काम पार पाडले. टोकावर क्रॉस बसविला आणि सूर्याचा स्तंभ ख्रिस्ताचा झाला. फोंताना जगप्रसिद्ध झाला. त्याने या कामावर सचित्र ग्रंथही लिहिला. त्या दिवसाविषयी एक दंतकथा मात्र रोमच्या लोकांनी जपून ठेवली आहे. स्तंभ उचलताना कोणी शब्द काढला तर मृत्युदंड, असा पोपचा हुकूम होता. ऐन वेळी घर्षणाने तापून दोर तुटावयास आले. तेव्हा एक साधा खलाशी ओरडला : दोरांवर पाणी टाका! दोर भिजले, आवळले आणि स्तंभ उभा राहिला. कथा खरी असो वा नसो, ती सांगणाऱ्यांना काय सांगावयाचे होते, हे उघड आहे. दोराचे ज्ञान दोर ओढणाऱ्याला असते.

पॅरिसचा स्तंभ लुक्सोरच्या देवळापुढून नेला. इजिप्तचा शासक महंमद अली याने तो फ्रान्सला भेट दिला, असे म्हणतात. ज्याने दिला तो त्या दगडाचा कितपत धनी होता, हा प्रश्न कोणी विचारला नाही. १७९३ साली ज्या चौकात राजाचा शिरच्छेद झाला, तिथेच १८३६ मध्ये तो उभा केला गेला. नव्या राजाला हेच हवे होते : ज्याची चित्रलिपी चौकातल्या गर्दीला वाचता येणार नाही, ज्याच्यावरून राजेशाहीवादी आणि प्रजासत्ताकवादी भांडणार नाहीत, असा मुका दगड. त्याच्या चौथऱ्यावर यंत्रांच्या सोनेरी आकृत्या कोरल्या आहेत. रहाट आहेत, दोर आहेत, तराफे आहेत. लंडनचा स्तंभ १८७८ साली टेम्स नदीकाठी उभा राहिला. वाटेत बिस्केच्या उपसागरात वादळ झाले आणि सहा खलाशी बुडाले. त्या सहा जणांची नावे मात्र चौथऱ्यावरील पाटीवर आहेत. या सगळ्या हकिकतीत श्रमिकांची नावे दगडापाशी आलेली मला आढळली ती ही एवढीच, आणि तीही ते मेले म्हणून.

रोमला आणखी एक स्तंभ होता, तो आज तिथे नाही. तो इजिप्तचा नव्हे, इथिओपियातील अक्सुमचा. चौथ्या शतकाच्या सुमाराचा. इथिओपियावर आक्रमण करून मुसोलिनीने १९३७ मध्ये तो रोमला आणविला आणि वसाहतींचा कारभार पाहणाऱ्या आपल्या खात्याच्या इमारतीपुढे उभा केला. युद्ध संपले, मुसोलिनी गेला. त्या इमारतीत १९५१ पासून संयुक्त राष्ट्रसंघाची अन्न आणि शेती संघटना आली. १९४७ च्या तहान्वये इटलीने लुटीचा माल परत करावयाचा होता, तरी स्तंभ हलला नाही. १९८४ मध्ये इथिओपियात भीषण दुष्काळ पडला. त्या दुष्काळाचे अहवाल ज्या इमारतीत वाचले जात होते, तिच्या दारात त्याच देशातून लुटून आणलेला दगड उभा होता. २००५ साली तो तीन तुकड्यांत विमानाने परत गेला आणि २००८ साली अक्सुमला पुन्हा उभा राहिला. स्वतः मुसोलिनीने १९३२ मध्ये आपल्या नावाचा संगमरवरी स्तंभ रोममध्ये उभारला होता. तो अजून उभा आहे, नाव पुसलेले नाही.

हे फक्त युरोपीयांनी केले, असे समजून सुखावण्याचे कारण नाही. दिल्लीच्या फिरोजशाह तुघलकाने चौदाव्या शतकात अशोकाचे दोन स्तंभ टोपरा आणि मेरठहून दिल्लीला आणविले. टोपऱ्याचा स्तंभ सावरीच्या कापसाच्या ढिगावर अलगद आडवा केला, बोरूंनी आणि कच्च्या कातड्यांनी गुंडाळला, बेचाळीस चाकांच्या गाड्यावर चढविला. एकेका चाकाच्या दोराला दोनशे माणसे लागली, असे शम्स-इ-सिराज अफीफ लिहितो. पुढे यमुनेतून नावांवर. काम अचाट झाले. पण स्तंभावर काय लिहिले आहे, हे दरबारात कोणालाच वाचता येईना. ती ब्राह्मी लिपी प्रिन्सेपने उलगडली १८३७ साली. म्हणजे जवळजवळ पाच शतके दिल्लीच्या सत्तेने तो दगड मिरविला आणि त्यावर कोरलेला प्राणिमात्रांवरील दयेचा आदेश तिला कळला नाही. दगड ताब्यात घेणे वेगळे आणि तो वाचणे वेगळे, एवढा भेद इथे नोंदवून ठेवू.

मराठ्यांनी काय केले? १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पाने वसई घेतली. पोर्तुगीजांच्या चर्चांतील घंटा विजयचिन्हे म्हणून घाटावर आल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकच्या पंचवटीत नारोशंकराच्या देवळाची घंटा त्यांतलीच मानतात. भीमाशंकरला एक आहे, वाईजवळ मेणवलीला नाना फडणिसांच्या वाड्यामागे घाटावरच्या देवळात एक आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती स्पष्ट दिसते. पोपने सूर्यस्तंभावर क्रॉस बसविला, आपण क्रॉसच्या घंटेखाली शिवाची पिंडी ठेवली. तत्त्वतः काही फरक नाही. मात्र पुढे जे घडले ते पाहण्यासारखे आहे. आज देवळात येणारा भाविक ती घंटा वाजवितो तेव्हा त्याच्या मनात ना पोर्तुगीज असतो, ना पेशवा. लुटीचा माल लोकांच्या हाताने झिजून झिजून गावाचा होऊन गेला. घाट चढवून ती घंटा ज्यांनी वर आणली, त्यांची नावे मात्र कुठे नाहीत.

मित्रहो, आता मी ज्या दगडासाठी आज बोलावयास उभा राहिलो, तिथे येतो.

इजिप्तचा तो आकार, तीच निमुळती चौकोनी सळई, इंग्रजांबरोबर आपल्याकडे आली. प्रत्यक्ष दगड न हलविता त्यांनी आकारच हलविला आणि ठिकठिकाणच्या रणभूमींवर व दफनभूमींत उभा केला. पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर भीमा नदीकाठी कोरेगाव आहे. १ जानेवारी १८१८ रोजी तिथे ईस्ट इंडिया कंपनीच्या कॅप्टन स्टाँटनच्या तुकडीची दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेशी लढाई झाली. कंपनीचे सैनिक होते ८३४. पायदळ, घोडदळ आणि काही तोफची. पायदळ मुंबई इलाख्याच्या देशी पलटणीचे होते आणि तिच्यात महार सैनिकांचा मोठा भरणा होता. दिवसभराच्या लढाईत कंपनीच्या बाजूचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून २७५ झाले. पेशव्यांच्या फौजेला गाव पुरते घेता आले नाही आणि रात्री ती निघून गेली. कंपनीने १८२१ मध्ये तिथे स्तंभाचा पाया घातला. इंग्रजीत आणि मराठीत लेख कोरला. कंपनीचा हेतू ऑगस्टसच्या हेतूहून निराळा नव्हता : हा देश आमच्या सत्तेखाली आला, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगणे.

पण कंपनीने एक गोष्ट अशी केली, जी ऑगस्टसने केली नव्हती. लढाईत पडलेल्यांची नावे तिने दगडावर घातली. त्यांतील ४९ नावे कंपनीच्या सैनिकांची, आणि त्यांपैकी २२ नावांच्या शेवटी 'नाक' येते. महारांच्या नावाची ही खूण त्या काळी कोणालाही ओळखू येई. गावकुसाबाहेर राहणाऱ्या, पाटलाच्या हाकेला वेठीला धावणाऱ्या, दगड आणि ओझी वाहणाऱ्या माणसांची नावे सरकारी दगडावर, साहेबाच्या नावाबरोबर! कंपनीने हे समतेच्या प्रेमाने केले, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. पलटणीचा हिशेब ठेवण्याची तिची ती रीत होती. तेही एक मस्टरच.

पुढे काय झाले? ज्यांच्या बळावर सत्ता उभी राहिली, त्यांनाच तिने दूर लोटले. १८९० नंतरच्या दशकात सैन्याची रचना जातीवर होऊ लागली, 'लढाऊ जमाती' नावाचे थोतांड निघाले आणि महारांची भरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकर या निवृत्त सैनिकाने १८९४ मध्ये याविरुद्ध विनंतीपत्र तयार केले. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये ब्रिटिश सरकारकडे पुन्हा मागणी केली. आणि याच कार्यकर्त्यांना कोरेगावचा दगड आठवला. त्यांनी तो वाचला. तुम्ही आम्हांला लढाऊ मानीत नाही. मग या दगडावर ही नावे कोणाची? कांबळे यांनी तिथे मेळावे घेतले. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे आले, आणि त्याच वर्षी २० मार्चला महाडचे चवदार तळे झाले. त्या दोन तारखांमधले अंतर अडीच-तीन महिन्यांचे आहे. कंपनीचा विजयस्तंभ कंपनीच्या हातून निसटला, तो या माणसांच्या वाचण्याने. रोमच्या कुठल्याही स्तंभाच्या बाबतीत असे घडलेले नाही. तिथे एका राजाने दुसऱ्या राजाचा दगड घेतला, पोपने सम्राटाचा घेतला. दगडाचे ओझे ज्यांनी वाहिले, त्यांच्या नातवंडांनी येऊन तो आपला म्हटला, असे कोरेगावलाच झाले.

आपल्या चळवळीतील काही जुने मित्र इथे अडतात, हे मला ठाऊक आहे. ते म्हणतात, परकीय साम्राज्यशाहीच्या विजयाचा दगड आपण कसा पुजावा? प्रश्न प्रामाणिक आहे, तो उडवून लावू नये. त्याचे उत्तर माझ्या मते असे. १८१८ साली दोन्हीकडे पगारी फौजा होत्या. पेशव्यांच्या बाजूने चढाई करणाऱ्यांत अरबही होते. ती लढाई आजच्या अर्थाने राष्ट्र विरुद्ध परकीय अशी नव्हती. आणि ती जातिव्यवस्थेविरुद्ध पुकारलेले युद्ध होती, असेही इतिहासाचा विद्यार्थी म्हणणार नाही. कंपनीची नोकरी म्हणजे पोटासाठी पत्करलेले काम. पण पेशवाईत अस्पृश्यांना जे जगणे वाट्याला आले होते, ते पाहता त्यांनी कोणत्या 'स्वराज्या'साठी प्राण द्यावयास हवे होते, हेही आक्षेप घेणाऱ्यांनी सांगावे. १८१८ चा अर्थ एक आणि १९२७ चा अर्थ दुसरा. दुसरा अर्थ माणसांनी श्रमाने घडविलेला आहे आणि तो पहिल्याहून अधिक खरा आहे. दरवर्षी १ जानेवारीला तिथे लोटणारा समुदाय, ज्यात आपल्या जिल्ह्यातून जाणारेही असतात, कंपनी सरकारला वंदन करावयास जात नाही. तो नावे वाचावयास जातो. २०१८ साली, लढाईला दोनशे वर्षे झाली त्या दिवशी, या समुदायावर हल्ले झाले, वाहने जाळली गेली. मुक्या दगडावर कोणी हल्ला करीत नाही. पॅरिसच्या राजाला मुका दगड का हवा होता, ते यावरून समजते.

नावाचे मोल आपल्या मराठवाड्याला वेगळे शिकवावयाचे नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि पाठोपाठ या भागातील दलित वस्त्या पेटविल्या गेल्या. परभणी जिल्हाही त्यातून सुटला नाही. एका कमानीवरील नावासाठी माणसे मेली, संसार जळाले, आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. आपल्या विचाराची मंडळी तेव्हा नामांतराच्या बाजूने उभी राहिली, हे खरे. पण गावोगावी आपला सवर्ण कार्यकर्ता घरात बसून होता, हेही खरे. आणि १० डिसेंबर २०२४ हा दिवस तर याच शहराचा. रेल्वे स्थानकापाशी बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, मग जाळपोळ, मग वस्त्यांतून धरपकड. अटक झालेल्यांपैकी कायद्याचे शिक्षण घेणारा एक तरुण १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. त्याचे नाव या सभागृहात कोणाला सांगावे लागणार नाही. ते विसरले जाईल अशी व्यवस्था कोणी करीत असेल, तर ती होऊ न देणे हे आपले काम आहे. खटल्याच्या प्रत्येक तारखेला न्यायालयाच्या आवारात आपली माणसे दिसली पाहिजेत.

आता तुमच्या पदरी एक काम घालतो. आपल्या जिल्ह्यात धारासूर आणि चारठाण्याची जुनी देवळे तुम्ही पाहिली असतील. अशा देवळांना आपण सर्रास हेमाडपंती म्हणतो. हेमाद्री हा यादवांचा मंत्री, कारभारी माणूस. त्याने एकही दगड घडविला नसेल. ज्या पाथरवटांनी तो घडविला, ज्यांनी डोंगरातून ओढून आणला, त्यांच्या नावावर शैली नाही. वडार समाजाला आजही दगड आहे, नाव नाही. सातशे वर्षांपूर्वीची नावे आता मिळणार नाहीत, ते सोडून देऊ. पण १९७२ फार लांब नाही. त्या दुष्काळात मी शाळकरी पोर होतो. खडी फोडणाऱ्या बायकांच्या रांगा, चिंध्या बांधलेली बोटे आणि सुकडीच्या वासाने आम्हा पोरांची कामाच्या जागी होणारी गर्दी, एवढे मला चांगले आठवते. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रभर सुमारे ५० लक्ष माणसे दुष्काळी कामांवर होती. एवढे मनुष्यबळ कोणत्याही फेरोने एका वेळी लावले नसेल. त्यांनी रस्ते केले, पाझर तलाव खोदले, नाल्यांना बांध घातले. फेरोच्या स्तंभाचा कोणाला उपयोग नव्हता. या तलावांचे पाणी आपण प्यालो. पुढे वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी १९७७ च्या कायद्याने हक्क बनली. तिचे श्रेय विधिमंडळाला मिळाले, तज्ज्ञांना मिळाले, मलाही तिच्यावर व्याख्याने देऊन मानधन मिळाले. खडी ज्यांनी फोडली, त्यांची नावे फक्त मस्टरवर होती.

म्हणून माझी सूचना अशी की, पुढच्या अभ्यासवर्गाला येताना प्रत्येकाने आपल्या गावच्या एका पाझर तलावाची किंवा एका रस्त्याची यादी करून आणावी. तहसील कचेरीत जुन्या मस्टरांसाठी माहिती अधिकाराचा अर्ज करा आणि त्याचे उत्तर येईपर्यंत थांबू नका. त्या वेळी विशीत असलेली माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत. आधी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसा. कोण कोण होते, कोणत्या गँगमध्ये होते, मजुरी किती मिळाली, किती थकली, कामावर कोण दगावले, सगळे विचारा आणि त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. दलित वस्तीत आणि वडारवाड्यात शेवटी जाऊ नका, तिथूनच सुरुवात करा. आणि बायांची नावे लिहिताना 'अमक्याची बायको' एवढ्यावर समाधान मानू नका. तिचे स्वतःचे नाव तिला विचारून घ्या.